सॅक पाठीवर घेऊन चीनच्या खेड्यांत : ग्वांगशी-ग्वेचौ, किती जणांनी आणि कसं?

घाटवाट

नमस्कार मंडळी,

आमचा पुण्याचा रविवारी डोंगरात जाणारा गट आहे. बारा वर्षं एकत्र चालतोय. सह्याद्रीतल्या बहुतेक घाटवाटा झाल्या, दोन वर्षांपूर्वी नेपाळात लांगटांगही केलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये कोलकाता-ग्वांगचौ थेट विमान पुन्हा सुरू झालं आणि गटात चीनचा विषय निघाला. शहरं आणि मॉल कुणालाच नको आहेत. खेडी, भाताच्या पायऱ्या, लाकडी घरं आणि भरपूर चालणं, एवढंच हवंय.

माणसं चौदा, वय ३४ ते ६१. पाच जण पूर्ण शाकाहारी. हातात दिवस बारा. मे महिन्याचा शेवट डोक्यात आहे. मी कागदावर आखलेला मार्ग असा : ग्वांगचौ, ग्वेलिन, यांगश्वो, लुंगचीच्या भातपायऱ्या, सानच्यांग, चाओशिंग, शीच्यांग, ग्वेयांग, तिथून विमानाने युन्नानातलं लीच्यांग, टायगर लीपिंग गॉर्जचा ट्रेक, शाशी आणि परत.

कुणी गेलं असेल तर मोकळेपणाने सांगा. मार्ग बरोबर आहे का? टूर कंपनीशिवाय जमेल का? आणि शाकाहारी मंडळींचं काय?


रानभूल

घाटवाट, मी नाशिकची. आम्ही सहा जण याच भागात मेच्या अखेरीस तेरा दिवस फिरून आलो. त्यामुळे सविस्तर लिहिते.

आधी मार्ग. युन्नान पूर्ण काढून टाका. टायगर लीपिंग गॉर्ज सुंदरच आहे. खाली चिनशा नदी, समोर ५,५९६ मीटरचा जेड ड्रॅगन हिमशिखराचा कडा आणि मधून जाणारी वरची जुनी वाट. पण ती स्वतंत्र सहल आहे. बारा दिवसांत ती कोंबली तर चार दिवस विमानतळ, बस आणि हॉटेलच्या काउंटरवर जातील. ग्वांगशी आणि ग्वेचौ हे दोन प्रांतच पुरे आहेत, आणि ते एका रेल्वेमार्गाने जोडलेले आहेत. ग्वेयांग-ग्वांगचौ हा वेगवान गाड्यांचा मार्ग डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झाला. ग्वेलिन, सानच्यांग, त्सुंगच्यांग ही सगळी स्टेशनं त्याच मार्गावर आहेत. बोगदा संपला की दरी, दरी संपली की बोगदा. ज्या गावांना पोचायला पूर्वी बसने दिवसभर वळणं घ्यावी लागत, तिथे आता तासा-दीड तासात उतरता येतं.

दुसरी गोष्ट माणसांची, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. चौदा फार आहेत. कारण सांगते.

लुंगचीला दाचाय नावाचं गाव आहे. तिथे याओ लोक राहतात, त्यांच्यातही लाल याओ. बायका अंगात लाल भरतकामाचं जाकीट घालतात. बस खाली गावाच्या तोंडाशी सोडते. तिथून दगडी पायऱ्यांनी पाऊण तास चढलं की थ्येनथोउ ही वरची वाडी लागते. आम्ही तिथे एका लाकडी घरात तीन रात्री राहिलो. तीन मजली घर, फळ्यांच्या भिंती, खिडकी उघडली की खाली डोंगराच्या उतारावर पाण्याने भरलेली खाचरं. घरात एक आजी, त्यांची सून आणि एक नातू. जेवणाचं टेबल गोल, आठ जणांचं. सहा आम्ही, आजी आणि नातू. सून अधूनमधून येऊन टेकायची. सगळ्या भाज्या मध्ये ठेवायच्या आणि प्रत्येकाने आपल्या वाडग्यात घ्यायच्या, अशी तिथली रीत. तीन दिवसांत त्या टेबलावर आम्हाला भाषा न येता किती कळलं हे सांगायला शब्द पुरणार नाहीत. आजींनी मला भोपळ्याच्या वेलाचे कोवळे शेंडे सोलायला शिकवले. वरचा दोरा काढायचा, मग लसूण घालून मोठ्या आचेवर परतायचे. मी त्यांना भाकरी थापून दाखवली, तांदळाच्याच पिठाची.

त्याच वाडीत दुसऱ्या एका घरी बावीस जणांचा गट उतरला होता. चीनमधलाच, अतिशय सभ्य. पण त्यांच्यासाठी तीन टेबलं, बाहेरून बोलावलेले स्वयंपाकी आणि ठरलेल्या वेळा. घरची माणसं दिवसभर ताटं वाहत होती. त्यांच्याशी बसून बोलायला कुणालाच सवड नव्हती. गट एका टेबलाभोवती मावला तरच घर तुम्हाला घरात घेतं. नाहीतर ते घर हॉटेल होतं, आणि त्यात त्या माणसांचा काही दोष नसतो.

तेव्हा आठ. त्याहून जास्त नको.


मोगरा

रानभूल ताई, किती छान लिहिलंत. मी शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. मला जमेल का? लेक म्हणते, आई तू उपाशी राहशील.


रानभूल

मोगरा, उपाशी राहणार नाही, पण रोज विचारावं लागेल. अडचण मांसाच्या तुकड्यांची नसते, ते दिसतात. अडचण डुकराच्या चरबीची. खेड्यात पालेभाजीसुद्धा पुष्कळदा त्या चरबीत परततात, कारण तिला त्यानेच चव येते असं त्यांचं मत. आणि सूपचं पाणी हाडांचं असतं. "वो छ सू" म्हणजे मी शाकाहारी आहे, हे सगळ्यांना कळतं. पण त्यापुढे "चू-यौ नको", म्हणजे डुकराची चरबी नको, हे वेगळं सांगावं लागतं. आम्ही चिनी लिपीत एक कार्ड छापून नेलं होतं : मांस नाही, मासे नाहीत, हाडांचं पाणी नाही, चरबी नाही, शेंगदाण्याचं किंवा सरकीचं तेल चालेल. ते हातात दिलं की स्वयंपाकघरातून मान डोलायची आणि कढई घासल्याचा आवाज यायचा.

मिळतं काय? बटाट्याचे काडीसारखे काप मिरची आणि व्हिनेगर घालून परतलेले, कितीतरी तऱ्हेचा टोफू, वांगी, पालेभाज्या, बांबूचे कोंब. बांबूच्या नळीत भाजलेला भात मिळतो, पण त्यात मांसाचे तुकडे घालतात. ते आधी सांगून काढायला लावायचे. ग्वेचौत गेल्यावर आंबट रस्सा जरूर घ्या. टोमॅटो आणि मिरची आंबवून केलेला लाल, आणि तांदळाच्या धुवणाला आंबवून केलेला पांढरा. त्यात एरवी मासा घालतात, पण टोफू आणि पालेभाजी घालून देतात. ग्वेचौत एक मुळी सगळीकडे असते, चटणीत, भाजीत, कोशिंबिरीत. "झअरकन" म्हणतात. तिला माशासारखा वास येतो, त्यामुळे शाकाहारी माणूस दचकतो. ती निव्वळ वनस्पती आहे. खा.

मेतकूट आणि लसणाची चटणी न्या. भात सगळीकडे आहे.


क्वांगचौकर

मी गेली अकरा वर्षं ग्वांगचौत नोकरी करतो, मूळचा चिपळूणचा. रानभूल यांचं सगळं पटलं. व्यवहाराच्या चार गोष्टी मी सांगतो, कारण गट अडतात ते इथेच.

व्हिसा आधीच काढा. २४० तासांच्या व्हिसामुक्त ट्रान्झिटबद्दल बरेच व्हिडिओ फिरतात. त्या देशांच्या यादीत भारत नाही. पर्यटक व्हिसाच घ्यावा लागतो आणि अर्जात प्रवासाचा क्रम, मुक्काम वगैरे लिहावं लागतं. सगळ्यांच्या अर्जात तारखा आणि गावं एकसारखी हवीत.

पैसे. इथे भाजीवालीसुद्धा कोड पुढे करते. अलीपे या पैसे भरायच्या ॲपवर भारतातलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडता येतं. ते घरी असतानाच जोडा, पासपोर्टची पडताळणी पूर्ण करा. २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला जादा शुल्क नाही, त्यावर ३ टक्के लागतं. म्हणून गटाचं मोठं बिल एकाने भरण्यापेक्षा दोघातिघांनी वाटून भरलेलं बरं. वीचॅट या चिनी संदेशांच्या ॲपवर भारतात जून २०२० पासून बंदी आहे, आणि इकडचे घरमालक तर त्यावरच बोलतात. त्यामुळे मुक्काम अशा संकेतस्थळावरून ठरवा जिथे इंग्रजीत संदेश पाठवता येतो. थोडी रोख, सुट्ट्या नोटांत, जवळ असू द्या. वरच्या वाड्यांमधल्या म्हाताऱ्या बायकांना नोटच आवडते.

फोन. गूगल, व्हॉट्सॲप हॉटेलच्या वायफायवर चालत नाही. भारतातल्या सिमचं रोमिंग किंवा परदेशी ई-सिम असेल तर चालतं. नकाशासाठी मात्र गूगलवर विसंबू नका, तिथे वाट एका जागी आणि तुम्ही दुसऱ्या जागी दिसता. इथलं अमॅप वापरा. प्रत्येक गावाचं, घराचं आणि स्टेशनचं नाव चिनी लिपीत फोनमध्ये चित्र म्हणून साठवून ठेवा. उच्चाराने टॅक्सीवाल्याला काही कळत नाही, एक सूर चुकला की दुसरंच गाव.

रेल्वे. तिकीट १५ दिवस आधी खुलतं. पासपोर्ट हेच तिकीट. परदेशी पासपोर्ट यंत्राच्या फाटकात बहुधा चालत नाही, कडेला माणूस बसलेला असतो तिथून जायचं. स्टेशनवर सगळ्या सॅक एक्स-रेतून जातात. चाकू आणि गॅसचा डबा काढून घेतात, तेव्हा ट्रेकचा स्टोव्ह घरीच ठेवा. मध्ये देशांतर्गत विमान घेणार असाल तर पॉवर बँकेवर चीनचं थ्री-सी हे सुरक्षा-प्रमाणपत्राचं चिन्ह हवं. जून २०२५ पासून त्याशिवायची पॉवर बँक विमानात नेऊ देत नाहीत.

आणि नोंदणी. परदेशी माणूस जिथे मुक्काम करेल तिथे २४ तासांत पोलिसांकडे नोंद व्हावी लागते. हॉटेल ते स्वतः करतं. खेड्यातल्या छोट्या घरांना कधी कधी ते जमत नाही. बुकिंग करताना "परदेशी पासपोर्टची नोंद करता ना?" असं विचारा. गावात पोचल्यावर कुणी पोलीस ठाण्यात चला म्हणालं तर घाबरू नका, पंधरा मिनिटांचं काम असतं.

अडचणीला पोलीस ११०, रुग्णवाहिका १२०.


पायमोडी

वाचनखूण साठवली. एक शंका. माझे गुडघे आता उतारावर कुरकुरतात. या पायऱ्या आपल्या गडांसारख्या आहेत का?


रानभूल

वेगळ्या. चढ हरिश्चंद्रगडासारखा अंगावर येणारा नाही, पण वाट सगळी फरसबंदी आणि दगडी पायऱ्यांची. मेमध्ये पाऊस असतो, दगडावर शेवाळ, आणि उतरताना गुडघ्याला आराम असा नाहीच. काठ्या न्या, टोकाला रबर लावून. दाचायला खालून वर सॅक नेऊन देणाऱ्या बायका असतात, पाठीला वेताची टोपली बांधून. भाव आधी ठरवायचा आणि घासाघीस करायची नाही. आमच्यातल्या एका साठीच्या काकांनी सॅक दिली आणि त्यांचा सगळा प्रवास सुखाचा झाला.

दाचाय ते पिंगआन हा चालायचा मुख्य दिवस. वाटेत चुंगल्यू नावाचं गाव लागतं. आम्हाला थांबत-थांबत पाच तास लागले. दाचाय याओंचं, पिंगआन च्वांग लोकांचं. एका दिवसात घरांची ठेवण, बायकांचं डोक्याला बांधायचं फडकं, बोली, सगळं बदलतं. या पायऱ्या खोदायला युआन राजवटीत सुरुवात झाली आणि छिंग राजवटीपर्यंत काम चालू राहिलं असं सांगतात. म्हणजे सुरुवात होऊन सहा-सातशे वर्षं झाली. काही खाचरं इतकी चिंचोळी की त्यात रोपांच्या दोन ओळी मावतात. मी एका बांधावर बसून राहिले होते. वरच्या खाचरातलं पाणी बांबूच्या पन्हळीतून खालच्यात, तिथून त्याच्या खालच्यात. पंप कुठेच नाही. डोंगरमाथ्यावर जंगल राखलंय, तेच पाणी धरून ठेवतं आणि सोडतं. माथ्याचं जंगल गेलं तर खालची सगळी शेती जाईल हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

लुंगचीला प्रवेशाचं तिकीट आहे, आम्ही गेलो तेव्हा ८० युआन होतं.


भातखाचर

मी लांज्याचा, शेती करतो. रानभूल ताई, त्या पाण्याबद्दल वाचून राहवलं नाही म्हणून सदस्य झालो. मी वाचलंय की ग्वेचौत भाताच्या खाचरात मासे आणि बदकं एकत्र पाळतात. हे तुम्ही पाहिलंत का? आमच्याकडे पहिल्या पावसात चढणीचे मासे खाचरात येतात, पण ते आपोआप. कुणी सोडत नाही.


रानभूल

भातखाचर दादा, पाहिलं! दोंग लोकांच्या गावांत, चाओशिंगच्या वर. त्सुंगच्यांग परिसरातल्या या पद्धतीला २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा म्हणून मान्यता दिली आहे. आम्हाला ज्यांनी समजावलं ते गृहस्थ फोनवरच्या भाषांतराने आणि हातवारे करून सांगत होते, त्यावरून कळलं ते असं.

लावणी झाली की खाचरात माशाची पिल्लं सोडतात, कार्पची. ती बोटाएवढी झाली की मगच बदकाची पिल्लं सोडायची. हा क्रम चुकला तर बदक मासे खाऊन टाकतं. दोन्ही मिळून तण आणि कीड खातात, पाणी ढवळतात, आणि त्यांची विष्ठा म्हणजे खत. लोंब्या भरायला लागल्या की बदकं बाहेर. कापणीच्या आधी पाणी सोडून मासे धरायचे. त्यातले काही ताजे खातात, बाकीचे चिकट भात आणि मिरची लावून लाकडी पिंपात मुरवतात. जिथे बसून आम्ही हे ऐकलं तिथेच पिंप होतं, आणि त्यांनी आम्हाला एक मासा काढून दिला. आंबट, तिखट, खारट. आमच्यातल्या मालवणच्या मैत्रिणीने डोळे मिटून खाल्ला आणि म्हणाली, हे मला माझ्या आजीकडे नेतंय.

खाचराचा बांध आपल्यापेक्षा उंच आणि रुंद असतो, कारण वर्षभर पाणी धरायचं असतं. मधे एक खोलगट जागा ठेवतात. पाणी कमी झालं की मासे तिथे जमतात.


भातखाचर

आभारी आहे ताई. क्रमाचं नेमकं सांगितलंत. घाटवाट, तुम्ही गेलात तर माझ्यासाठी एवढं विचारा : लावणीनंतर किती दिवसांनी पिल्लं सोडतात, आणि बांधाची उंची किती. शक्य झालं तर फोटो.


निळाई

मी कापडाचं काम करते, म्हणून चाओशिंगबद्दल माझं. मी तिथे एकटी गेले होते, आठ दिवस होते.

या गावात पाच ढोल-मनोरे आहेत. गावाचे पाच भाग, प्रत्येकाचा आपला मनोरा. नावं कन्फ्यूशियसच्या परंपरेतल्या पाच गुणांची : रन, ई, ली, च, शिन, म्हणजे माणुसकी, न्याय, रीत, शहाणपण, विश्वास. शान या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाचे, एकही खिळा न ठोकता नुसत्या खाचा आणि जोड यांवर उभे. खाली मधोमध विस्तवाची जागा आणि भोवती बाकडी. सकाळपासून म्हातारी माणसं तिथे बसलेली असतात, आपल्या पारावर बसावी तशी. पूर्वी संकट आलं, सभा बोलवायची असली की वरचा ढोल वाजायचा.

पण मी गेले ती आवाजामुळे. त्या गावात दिवसभर कुठून तरी ठक-ठक ऐकू येते. बायका दगडावर कापड कुटत असतात. कापड निळीच्या रंगात पुन्हा पुन्हा बुडवायचं, वाळवायचं, अंड्याचा पांढरा बलक लावायचा आणि लाकडी मोगरीने कुटायचं. शेवटी ते कापड काळपट जांभळं आणि चकचकीत होतं, चामड्यासारखं. एका जाकिटामागे कित्येक महिने.

आणि ट्रेकरांना आवडेल अशी एक गोष्ट. तिथे नीळ ज्या झुडपापासून करतात ते स्ट्रोबिलँथस प्रजातीतलं आहे. आपली कारवी त्याच प्रजातीतली. परसात ती झुडपं पाहिली तेव्हा पानाची ठेवण ओळखीची वाटली आणि नाव कळल्यावर मी तिथेच उभी राहिले. सात वर्षांनी आपल्याकडे जिचा सगळा डोंगर जांभळा होतो, तिच्या बहिणीच्या पानातून हे लोक अंगावरचा रंग काढतात.

कापड घेणार असाल तर कुटणाऱ्या बाईकडूनच घ्या. मुख्य रस्त्यावरच्या दुकानांत यंत्रावर छापलेलंही असतं.


सह्यसखा

सगळं वाचतोय, पण एक मुद्दा मांडतो. मी शीच्यांगला गेलो होतो, ते "हजार घरांचं" म्याओ लोकांचं गाव. फाटकावर तिकीट, आत बॅटरीच्या गाड्या, रात्री डोंगरभर दिवे, दर दहा पावलांवर भाड्याने चांदीचे मुकुट घालून फोटो काढणाऱ्या मुली. मला ते खेडं वाटलं नाही. घाटवाट, ते गाळा.


क्वांगचौकर

सह्यसखा, तुमची नाराजी समजते, पण मला दुसरी बाजू सांगावीशी वाटते. ग्वेचौ हा गरीब डोंगराळ प्रांत. इथल्या तरण्या पिढीतली कितीतरी माणसं ग्वांगतुंगच्या कारखान्यांत आहेत. माझ्या कामाच्या ठिकाणी पॅकिंगला असलेल्या निम्म्या मुली ग्वेचौच्या. मुलं गावी आजी-आजोबांजवळ, आईबाप वर्षातून एकदा वसंतोत्सवाला, म्हणजे चिनी नववर्षाला, येणार. आपल्या कोकणातला चाकरमानी गणपतीला येतो ना, अगदी तसं. गाडीला तीच गर्दी, पिशव्यांत तोच खाऊ, परतताना फलाटावर तेच रडणं. मी चिपळूणचा, माझे वडील गिरणीत होते. मला हे बघवत नाही आणि बघितल्याशिवाय राहवतही नाही.

शीच्यांगमध्ये पर्यटन आल्यावर त्यातली काही माणसं परत आली. खानावळ काढली, खोल्या काढल्या, मुलाजवळ राहिली. त्या दिव्यांखाली हेही आहे. तिथे मुक्काम करू नका असं मीही म्हणेन, पण त्यांना नावं ठेवू नका.


सह्यसखा

हे मला माहीत नव्हतं. माझं वाक्य घाईचं होतं. मुक्काम नको एवढंच माझंही म्हणणं.


रानभूल

शीच्यांगऐवजी खायलीजवळचं लांगदे बघा. छोटं म्याओ गाव, मधे गोट्यांनी बांधलेलं नाचाचं पटांगण. तिथे वेशीवर तांदळाच्या दारूने स्वागत करतात. बैलाच्या शिंगातून पाजतात. त्याची एक रीत लक्षात ठेवा : शिंगाला हात लावायचा नाही, नुसते ओठ लावून एक घोट घ्यायचा. हात लावला की शिंग तुमचं आणि सगळं संपवावं लागतं. न पिणाऱ्यांनी हात मागे बांधून ओठ टेकवले तरी मान राखला जातो.


सोलापूरकर

धागा फार आवडला. थोडं अवांतर, पण मनातलं आहे.

चीनच्या खेड्यांत आपलं एक माणूस आधीच जाऊन राहिलेलं आहे. आमच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ मध्ये मुंबईहून पाच भारतीय डॉक्टरांचं पथक बोटीने निघालं, त्यात ते होते. नागपूरचे डॉ. चोळकरही होते. बाकीचे यथावकाश परतले, कोटणीस राहिले. उत्तरेकडच्या हपे प्रांतातल्या डोंगराळ खेड्यांत जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले, चिनी शिकले, तिथल्याच परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं. ९ डिसेंबर १९४२ ला गेले, वय अवघं ३२. शिच्याच्वांग शहरातल्या हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत त्यांची समाधी आहे.

तुमच्या मार्गापासून हे फार लांब आहे, तिथे जा असं म्हणत नाही. पण कुणी म्हाताऱ्या माणसाने "कुठले?" विचारलं तर भारत सांगून पुढे त्यांचं चिनी नाव सांगा : ख तिहुआ. मी दोन वेळा सांगितलं, एकदा शाळेच्या मास्तरांना आणि एकदा रेल्वेत शेजारी बसलेल्या आजोबांना. दोन्ही वेळा माझा हात हातात घेतला गेला.


घाटवाट

मंडळी, महिनाभर गप्प होतो, कारण गटात बरंच बोलणं चाललं होतं. तुम्हाला सांगायला हवं.

रानभूल ताईंचा टेबलाचा प्रतिसाद मी गटात वाचून दाखवला. शांतता झाली. चौदातले सहा कोण कमी करायचे? बारा वर्षांत आम्ही कुणाला मागे ठेवलेलं नाही. एक जण चिडून उठून गेला. दोन आठवडे रविवारही झाला नाही. शेवटी आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या काकूंनी तोडगा काढला. आठ जण मेच्या शेवटी जातील, पाणी भरलेली खाचरं आणि लावणी बघतील. सहा जण सप्टेंबरच्या उत्तरार्धात, पिवळं भात बघतील. दोन्ही गटांचा मुक्काम त्याच घरांत. पहिल्या गटाने दुसऱ्यासाठी घरच्यांना निरोप देऊन यायचा. चिडलेला गडी आता सप्टेंबरच्या गटाची तयारी बघतोय.

मार्ग : ग्वांगचौला उतरून ग्वेलिन एक रात्र. थ्येनथोउ तीन रात्री, मधे पिंगआनपर्यंत चाल. सानच्यांगजवळ छेंगयांग एक रात्र. चाओशिंग तीन रात्री, त्यातली एक वर थांगआनला. खायली-लांगदे दोन. ग्वेयांगहून परत.

खजिनदार दोघं, कार्ड चिनी लिपीत छापलं, काठ्यांना रबर लावलं. अजून काही?


क्वांगचौकर

सप्टेंबरवाल्यांनी २८-२९ पर्यंत गाव सोडलेलं बरं. १ ऑक्टोबरपासून आठवडाभर सगळा चीन सुट्टीवर असतो, रेल्वेचं तिकीट मिळत नाही आणि खोलीचा दर दुप्पट-तिप्पट होतो. १ मेच्या सुट्टीचंही तेच, पण तुम्ही त्याच्या बरेच नंतर जाताय.


निळाई

छेंगयांगचा पूल पहाटे बघा, माणसं शेतावर जायला निघतात तेव्हा. १९१२ मध्ये बांधायला घेतलेला. दगडी खांबांवर लाकडी पूल, वर छप्पर, आणि छपरावर पाच मनोरे. वारा-पावसात थांबता यावं म्हणून कडेने बाकं आहेत, त्यामुळे नाव वारा-पावसाचा पूल. तिथली तेल-चहा घ्या. चहाची पानं तेलात परतून, आल्यासोबत कुटून उकळतात आणि चुरमुऱ्यांसारख्या फुलवलेल्या भातावर आणि शेंगदाण्यांवर ओततात. खारट असते. वाडगा रिकामा केला की पुन्हा भरतात.

आणि चाओशिंगला दोंग लोकांचं समूहगान ऐकल्याशिवाय येऊ नका. कुणी हात हलवून ताल देत नाही, वाद्य नाही, तरी सूर एकमेकांत गुंफलेले. २००९ पासून युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आहे. त्यांची म्हण आहे : भात शरीर पोसतो, गाणं मन पोसतं. या लोकांना स्वतःची जुनी लिपी नव्हती, त्यामुळे वंशावळी, शेतीची रीत, वागावं कसं, सगळं गाण्यातच ठेवलंय.


रानभूल

एक राहिलं. ही सगळी गावं लाकडाची आहेत. एक ठिणगी आणि वाडीच्या वाडी जाते. खोलीत उदबत्ती, मेणबत्ती, डासांची वळी, हिटर, काही लावायचं नाही. घरांच्या मधे छोटी तळी दिसतील. त्यात मासे असतात, पण ती आगीसाठीही आहेत. काकूंना सांगा, संध्याकाळचा दिवा मनात लावायचा.


घाटवाट

थांगआनहून लिहितोय. नेट मधूनमधून येतंय म्हणून थोडक्यात.

चाओशिंगहून खाचरांच्या बांधांवरून पावणेदोन तास चढलो. गाव लहान आहे. नॉर्वेच्या मदतीने ग्वेचौत जी चार पर्यावरण-संग्रहालयं उभी राहिली त्यातलं हे एक, म्हणजे इमारत वेगळी असली तरी खरं संग्रहालय म्हणजे गावच. ढोल-मनोऱ्याखाली तीन आजोबा होते. मी धीर करून "ख तिहुआ" म्हटलं. दोघांना कळलं नाही. तिसऱ्यांनी मला बाकावर सरकून जागा दिली.

आठ जण आणि घरचे दोघं. टेबल आठांचं होतं, दोन स्टुलं शेजारून आणली. मोगरा, तुमच्यासाठी मुद्दाम : आज टोफूचा आंबट रस्सा, भोपळ्याचे शेंडे आणि चिकट भात. कार्ड दाखवल्यावर घरच्या ताईंनी ते स्वयंपाकघरात भिंतीला चिकटवलं आणि खुणेनेच सांगितलं, राहू दे, सप्टेंबरमध्ये लागेल.

भातखाचर, लावणी अर्धी झालीय. घरच्या दादांना विचारलं. त्यांच्या खाचरात लावणीनंतर साधारण आठ-दहा दिवसांनी, रोपं धरली की पिल्लं सोडतात. बांध मी टेपने मोजला, या घराच्या खाचराचा दोन फूट भरला. पिल्लं घरामागच्या तळ्यात तयार आहेत, फोटो उद्या टाकतो.

आत्ता खालच्या गल्लीतून एक गृहस्थ झांज वाजवत, काहीतरी ओरडत गेले. विचारलं तर कळलं, रोज रात्री असं फिरतात : चुली बघा, विस्तव झाका. काकू लगेच उठून स्वयंपाकघरात बघून आल्या.